समग्र समुपदेशन : ताट की भेळ?

उंबरठा | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. परवा आमच्या भागात एका बंगल्यावर नवी पाटी लागलेली पाहिली. समग्र उपचार, आणि खाली यादी : रेकी, पुष्पौषधी, पूर्वजन्म, ध्यान, आहार, वास्तू, करिअर मार्गदर्शन. आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. कारण तीन वर्षांपूर्वी अशाच एका पाटीखाली मी ४५ हजार रुपये मोजून आले आहे.

थोडक्यात सांगते (जमणार नाही, माहीत आहे). सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता. चार वर्षं घरीच सगळं केलं. शेवटच्या वर्षी त्या मला विचारायच्या, "बाई, तुम्ही कोण? आमच्याकडे का राहता?" जानेवारीत गेल्या. तेराव्यापर्यंत मी ठणठणीत. आमटीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा आचाऱ्याला मीच सांगत होते. मार्चपासून पहाटे तीनला डोळे टक्क उघडायला लागले. छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. खांदे, गुडघे, बोटांची पेरं, सगळं दुखायचं. ईसीजी काढला, टूडी इको झाला, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. जसं काही मी ते वाण्याकडून पिशवी भरून आणत होते.

मग सल्ल्यांची वरात निघाली. नणंदेने तूप सांगितलं (औषधी, रोज एक चमचा), मैत्रिणीने रेकी, भावाने दहा दिवसांचं मौन शिबिर, शेजाऱ्यांनी पलंगाची दिशा. एका वेळी सात गोष्टी चालू होत्या. कशाने बरं वाटतंय आणि काय बाधतंय, कळायला मार्ग नाही. त्यातच ते पॅकेज घेतलं, २१ बैठकांचं. पाचव्या बैठकीत मला गुंगवून सांगण्यात आलं की सासूबाई गेल्या जन्मी माझी मुलगी होत्या आणि मी त्यांना नदीकाठी सोडून दिलं होतं, त्याची ही फेड. घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. आठव्या बैठकीत बीपीची गोळी बंद करायला लावली, "शरीराला स्वतःचं काम करू द्या" म्हणे. शरीराने काम केलं. १८०/११० वर गेलं. उरलेल्या १३ बैठकांचे पैसे मागायला गेले नाही, लाज वाटली. आता वाटतं जायला हवं होतं.

त्यानंतर ओळखीतून एक समुपदेशक बाई मिळाल्या. लहान खोली, टेबलफॅन, दारावर नाव आणि शिक्षण, बाकी काही नाही. मी रडायच्या तयारीने रुमाल काढून बसले, तर यांचे प्रश्न : जेवता किती वाजता? चहा किती? पाळी थांबली का, केव्हा? थायरॉइड शेवटचं कधी तपासलं? मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाच्या दारात शिरले. तपासलं. टीएसएच १४ (म्हणजे थायरॉइड मंद), बी-१२ तळाला. त्या म्हणाल्या, "याचे उपचार तुमच्या डॉक्टरांकडे सुरू करा. तोवर आपण नुसत्या बोलू. आणि त्या सातांपैकी काय काय चालू ठेवायचंय ते तुम्हीच ठरवा, पण एका वहीत लिहा. मला तुपातलं काही कळत नाही, म्हणून ते चूक असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांना दाखवू."

पुढचं सगळं त्या वहीतच झालं. दर दोन-तीन आठवड्यांनी एकच नवी गोष्ट. आधी संध्याकाळचं चालणं. मग श्वास : घेताना चार आकडे, सोडताना सहा. मग विचार लिहिणं. ते लिहिलेलं वाचून त्यांनी मला लाल पेन दिलं आणि म्हणाल्या, यातल्या प्रत्येक 'च'ला गोल करा. "मी त्यांच्याजवळ असायलाच हवं होतं." "घरात सगळं वेळेवर झालंच पाहिजे." "मला राग येताच कामा नये." एका पानावर १९ गोल. माझं सगळं दुखणं एका अक्षरात बसलं होतं म्हणा ना.

झोप तरी येईना, तेव्हा त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. नऊ महिने गोळी घेतली. त्या काळात त्यांनी एकदाही "माझ्या पद्धतीने जमलं असतं" असं म्हटलं नाही.

आणि मग एक दिवस बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं. लोक सासूबाईंबद्दल म्हणत होते, "सुटल्या बिचाऱ्या." मी म्हणाले, "त्या नाही हो, मी सुटले." खोलीत नुसता पंख्याचा आवाज. बाई काही बोलल्या नाहीत. पाणी पुढे केलं. मी पाऊण तास रडले आणि त्या रात्री साडेसहापर्यंत झोपले.

कपाट तरी उघडवत नव्हतं. त्यांची नऊवारी लुगडी तशीच घडीवर. वर्षश्राद्ध घातलं होतं, पण मी त्यात नव्हते, स्वयंपाकघरात होते. बाईंनी विचारलं, "तुम्हाला त्यांच्यासाठी काय करायचं राहिलंय?" मी म्हटलं, गोधडी. त्या दरवर्षी म्हणायच्या, गोधडी शिवू, आणि राहायचं. मग पुढच्या सोसायटीतल्या दोन बायकांना घेऊन शिवली. अडीच महिने लागले. याला काय थेरपी म्हणतात, मला माहीत नाही, बाईंनीही सांगितलं नाही.

तर माझा प्रश्न. दोन्हीकडे 'सगळं' होतं : शरीर, मन, श्वास, नाती, श्रद्धा. एकाने मला आजारी पाडलं, एकाने उभं केलं. मला वाटतं फरक ताटाचा आणि भेळेचा आहे. ताटात मीठ, लिंबू, लोणचं, चटणी डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मधोमध भात. लोणचं वर्ज्य नाही, पण वाटीभर कुणी वाढत नाही. भेळेत सगळं एकत्र कालवायचं आणि वरून शेव. तुमचा अनुभव काय? आणि नव्या माणसाने दारावरच कसं ओळखायचं?

रिकामटेकडा | सोमवार, रात्री ११:०२

पॅकेजमध्ये पलंगाची दिशा धरली होती का वेगळे पैसे?

उंबरठा | सोमवार, रात्री ११:०५

वेगळे. अडीच हजार. पलंग उत्तरेला फिरवल्यावर कपाटाचं दार उघडेना, ते वेगळंच.

डॉ_खडू | मंगळवार, सकाळी ७:१५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, २२ वर्षं ओपीडी करतो, तेव्हा ओपीडीच्या भाषेतच लिहितो.

ताई, तुमच्या बाईंनी पहिल्या दिवशी जे केलं त्याला आमच्याकडे नाव आहे. अमेरिकन वैद्य जॉर्ज एंगेल यांनी १९७७ साली 'सायन्स' नियतकालिकात लेख लिहून मांडलं की आजाराकडे नुसतं शरीर म्हणून बघू नका, जैविक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी बघा. आज कुठल्याही मानसोपचाराच्या विद्यार्थ्याला हे पाठ असतं. पाठ असणं आणि समोर बसलेल्या बाईला पाळी व थायरॉइड विचारणं यात मात्र अंतर आहे. थायरॉइड कमी असेल तर उदासी, थकवा, अंगदुखी, जडपणा सगळं दिसतं. बी-१२ शाकाहारी घरांत कमी असणं आमच्या रोजच्या पाहण्यातलं. पन्नाशीच्या आसपास पहाटे जाग येण्यामागे रजोनिवृत्तीही असते. आणि या सगळ्याच्या जोडीला दुःखही असतंच. एक सापडलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

गोळीबद्दल. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. लोक दहाव्या दिवशी येतात : "काही फरक नाही, बंद केल्या." आणि बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायच्या असतात, हे ऐकून तोंडं पडतात.

आता मुद्द्याचं. 'समग्र'च्या नावाखाली मी पाहिलेले घोळ:

लिथियमवर (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) असलेल्या एका गृहस्थांना कुणीतरी शुद्धीसाठी निर्जळी उपवास आणि मीठ बंद सांगितलं. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की लिथियमची रक्तातली पातळी चढते. हात थरथरत, ओकाऱ्या काढत, झोकांड्या खात आले. आषाढीला माझे लिथियमवाले पेशंट मी आधीच गाठून ठेवतो : उपवास करा, पण पाणी पीत राहा, आणि औषधाचं माझ्याशी बोला.

दुसरं, ज्यांना आवाज ऐकू येतात, संशय येतात, त्यांना दीर्घ मौन-ध्यानात बसवणं. विपश्यनेची मंडळी स्वतःच सांगतात की गंभीर मनोविकार असणाऱ्यांनी शिबिराला येऊ नये. घरचे मात्र ती माहिती अर्जात लपवतात.

दारावर कसं ओळखायचं विचारलंत. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, क्रमांक विचारा. न रागावता सांगतो का, हेही बघायचं. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणीही लावत आलाय. आणि एक माझी खासगी कसोटी : "तुम्ही कुणाला घेत नाही?" असं विचारा. ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही, त्याच्याकडून चप्पल घालून निघा.

तर्कट | मंगळवार, सकाळी ९:३०

लेख प्रांजळ आहे, पण निष्कर्ष पटला नाही. ताई, तुम्हाला बरं केलं ते थायरॉइडच्या गोळीने, बी-१२ने, नैराश्याच्या गोळीने आणि विचारांवरच्या कामाने. चारही गोष्टी तपासून सिद्ध झालेल्या. मग 'समग्र' हा शब्द हवा कशाला? तो शब्दच भोंदूंचा दरवाजा आहे. त्यातून थायरॉइड आणि पूर्वजन्म हातात हात घालून आत येतात.

ते 'च'चं म्हणाल तर तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. १९५५च्या सुमारास त्याने हे काम सुरू केलं. घटना दुःख देत नाही, घटनेबद्दलचा हट्टी विचार देतो. आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ते विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठीत रुजवलं. यात ना चक्रं आहेत ना ऊर्जा.

वैद्य_पडवळ | मंगळवार, सकाळी १०:१०

तर्कट, चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात औषधाचे तीन प्रकार दिलेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिल्यात मंत्र, मणी, उपवास वगैरे. दुसऱ्यात आहार आणि औषध योजणं. तिसरं म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणं. तुमच्या एलिसच्या कैक शतकं आधी आमच्याकडे मनाचा उपचार वेगळा काढून ठेवला होता.

तर्कट | मंगळवार, सकाळी १०:२२

वेगळा काढला, मान्य. मग पुढे काय केलं? कुणाला किती बैठकांत किती फरक पडला, याची मोजदाद कुठे आहे? नाव आधी दिलं म्हणून उपचार आधी झाला असं होत नाही. आणि तुमच्याच यादीत पहिल्या क्रमांकावर मणी आहे.

वैद्य_पडवळ | मंगळवार, सकाळी १०:४१

यादीत आहे म्हणून मी मणी विकतो का? मी माझ्या दवाखान्यात झोप, जेवणाच्या वेळा आणि पोट साफ एवढंच आधी बघतो. आठ-पंधरा दिवसांत पेशंट उजळला नाही, किंवा जिवाचं काही बोलला, की सरळ मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. मोजदादीचं म्हणणं मात्र खरं आहे, त्यात आम्ही कमी पडलो. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते योग प्रयोगशाळेत मोजण्यासाठीच. तसं आमच्यात शंभर जणांनी करायला हवं होतं.

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी १०:४४

वैद्यबुवा आणि तर्कट यांचं एका मुद्द्यावर एकमत. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

माळरान | मंगळवार, दुपारी १:५०

मी जत तालुक्यातला. तर्कट साहेबांचा राग समजतो, पण आमच्याकडं गोष्ट अशी झाली.

धाकट्या भावाला एकोणिसाव्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. रात्रभर विहिरीच्या काठावर बसायचा. आई म्हणाली बाहेरचं आहे. देवऋषी झाला, दर्गा झाला, दोन बोकडं गेली. मी सांगत होतो डॉक्टरकडं नेऊ, पण घरात माझं कोण ऐकणार, मी बारावी नापास. शेवटी ज्या म्हाताऱ्या देवऋषाकडं आई जायची, त्यानंच एका दिवशी भावाला नीट बघितलं आणि म्हणाला, "ह्ये लेकरू माझ्या हातचं न्हाई. मिरजेला न्या. अंगारा मी देतो, गोळी त्यासोबत द्या." आई त्या दिवशी तयार झाली. भाऊ आज ३४ वर्षांचा आहे, शेळ्या बघतो, गोळी चुकत नाही. गोळी आजही आधी देवापुढं ठेवली जाते, मग तोंडात. माझं काय जातंय?

त्या म्हाताऱ्यानं नाही म्हणायच्या ऐवजी "अजून एक बोकड" म्हटलं असतं तर भाऊ विहिरीत असता.

डॉ_खडू | मंगळवार, दुपारी २:२०

माळरान, तुमच्या त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांगा. 'कुणाला घेत नाही' या परीक्षेत तो पहिला आला.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे, तिथे हेच रीतसर केलं गेलं. 'दवा आणि दुआ' म्हणून कार्यक्रम आहे. मुजावरांना लक्षणं ओळखायला शिकवलं, दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय केली. माणूस दुआ मागायला येतो आणि जाताना गोळ्याही घेऊन जातो.

उलट टोक म्हणजे तमिळनाडूतलं एरवाडी. ६ ऑगस्ट २००१ला तिथल्या एका आश्रयगृहाला आग लागली, मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलं होतं, २८ माणसं त्यात गेली. तेही श्रद्धेनेच आलेले होते.

तर्कट | मंगळवार, दुपारी ३:०५

माळरान, तुमच्या भावाबद्दल वाचून बरं वाटलं, मनापासून. देवापुढे गोळी ठेवण्याला माझा विरोध नाही, गोळीच्या जागी देव ठेवण्याला आहे. आपल्या राज्यातला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही पूजा-प्रार्थना अडवत नाही. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, उपचारांपासून रोखणं, याला गुन्हा म्हणतो. रेघ तिथेच ओढलेली आहे आणि ती मला मान्य आहे.

पेज_आणि_मीठ | मंगळवार, रात्री ९:१८

बऱ्याच वेळा टाइप करून पुसलं.

ताई, तुमचं ताट सुंदर आहे, पण मला ते वाचून त्रास झाला. मी जेव्हा सर्वांत वाईट होते तेव्हा मला ताट नको होतं. आंघोळ हेच मोठं काम होतं. त्यात एक भल्या मनाच्या समुपदेशक मिळाल्या. चालायला जा, डायरी लिहा, जेवणात बदल करा, श्वास करा, कृतज्ञता लिहा. सगळं बरोबर होतं. मी त्यातलं एकही करू शकत नव्हते आणि दर आठवड्याला त्यांच्यासमोर नापास होऊन यायचे. शेवटी भरती व्हावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी तीन आठवडे फक्त गोळी, जेवण आणि झोप, एवढंच ठेवलं. एक नर्स रोज केस विंचरून द्यायची, न बोलता. तापात माणसाला पेज देतात, पंगतीत बसवत नाहीत.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:४०

हे मला सुचलंच नव्हतं. मी चालू फिरू शकत होते, म्हणून मला ताट दिसलं. तुम्ही पुसलं नाहीत, बरं केलंत.

आज_फक्त_आज | मंगळवार, रात्री ११:३०

११ वर्षं दारू प्यायलो नाही, म्हणून बोलतो. दारूड्याचं एकाच बाजूने काही होत नाही. गोळीने थरथर थांबते, पण बायको बोलत नाही ते गोळीने कसं थांबणार?

पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु.ल. व सुनीताबाईंच्या मदतीने सुरू केलेलं. तिथे औषध आहे, योग आहे, गटात बोलणं आहे, गाणं आहे. आणि तिथले अनेक समुपदेशक स्वतः एकेकाळचे व्यसनी. समोरचा माणूस "मीही बायकोचं मंगळसूत्र विकलंय" म्हणाला की तुमचं सगळं वकीलपत्र गळून पडतं. पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. माझी सौ. अशाच एका गटात दीड वर्ष जात होती. मी सुधारलो म्हणून ती बरी झाली असं मला वाटायचं. ती म्हणते, "मी आधी बरी झाले, तुम्ही मागून आलात."

समग्र म्हणजे काय ते मला माहीत नाही. घरातलं दुसरं माणूस मोजलं की नाही, एवढं बघा.

सातासमुद्रापार | बुधवार, पहाटे ३:१०

इंग्लंडमधून. इथे सरकारी आरोग्यसेवेतूनच बोलण्याचे उपचार मिळतात, ठरावीक बैठका, फुकट. थेरपिस्ट चांगली होती, प्रामाणिक होती. पण पहिल्या तीन बैठका मी तिला माहेर म्हणजे काय हे समजावण्यात घालवल्या. आई गेल्यावर भावजयीने फोन करून "आता येणं-जाणं ठेवा हं" म्हटलं, यात रडण्यासारखं काय आहे ते तिला कळेना. तिला ते प्रेमळ आमंत्रण वाटलं! (शब्दशः बघितलं तर आहेच.) नंतर तिने सुचवलं की भावाशी काही काळ संबंध तोडून पाहा. अहो, रक्षाबंधन आठ दिवसांवर.

मग ऑनलाइन मराठीत बोलणारी एक समुपदेशक शोधली. तिला "येणं-जाणं ठेवा" एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पाहुणी केलं तुम्हाला." झालं. तीन बैठका वाचल्या. आपल्या भाषेत बोलणं हा उपचाराचा भाग धरायचा की नाही, डॉक्टर?

डॉ_खडू | बुधवार, सकाळी ७:०५

भाग कसला, त्यावाचून बाकीचं लागू पडत नाही. माझे पेशंट "उदास वाटतं" क्वचित म्हणतात. "जीव लागत नाही", "डोकं तापतं", "काळीज धडधडतं", "आतून पोखरल्यासारखं", असं म्हणतात. हे ज्याला शारीरिक तक्रार वाटतं तो पोटाची सोनोग्राफी लिहून देतो.

तांबडी_माती | बुधवार, सकाळी ११:२५

गोव्याहून. खर्चाचा आणि डिग्रीचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्याकडे संगत नावाची संस्था १९९६पासून आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक म्हणून बसवलं, वर डॉक्टरांची देखरेख. २०१०मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले : सरकारी केंद्रांत येणारी नैराश्याची, चिंतेची माणसं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त प्रमाणात बरी झाली. पुढे नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा वेगळा उपचार बेतला. त्याचा गाभा काय, तर माणसाला पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे, माणसांकडे आणायचं. माझी मावशी अशा भेटींना जायची. पहिल्या आठवड्याचं काम होतं, तुळशीला पाणी. दुसऱ्या आठवड्यात तिसवाडीतल्या बहिणीला फोन.

तर्कट, हे मोजलेलं आहे हं.

तर्कट | बुधवार, सकाळी ११:४०

मोजलेलं आहे, म्हणून नमस्कार. तुळशीलाही.

चारचौघी | बुधवार, दुपारी १२:१५

छान चर्चा. पण आमच्यासारख्यांचं काय? माझ्या भागात तासाला बाराशे ते दोन हजार घेतात. आठवड्याला एक म्हटलं तरी घरभाड्याच्या निम्मे. विम्यात बसतं का?

डॉ_खडू | बुधवार, दुपारी २:४५

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं, असं कलम आहे. प्रत्यक्षात भरती झालात तर क्लेम होतो, बाहेरून घेतलेल्या बैठकांचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, रांग मोठी पण केसपेपर स्वस्त. आणि टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन : १४४१६. ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. रात्री तीनला छातीवर पाटा असेल तेव्हा याच नंबरवर करा, धाग्यावर लिहीत बसू नका.

ताईंच्या बाईंचा दुसरा गुणही सांगतो, स्वस्ताचा आहे : दर दोन-तीन आठवड्यांनी एकच नवी गोष्ट. तीन आठवड्यांतून एकदा गेलात आणि मधे वही लिहिलीत तरी बरंच हाती लागतं. रोज वेगवेगळ्या पाच जणांकडे जाण्यापेक्षा तर नक्कीच.

निसर्गपुत्र | बुधवार, सायंकाळी ५:३०

सर्व रोगांचं मूळ आतड्यात आहे. आपण गहू, दूध आणि साखर सोडा, नैराश्य २१ दिवसांत जातं. माझ्या पुढील आठवड्यातील कार्यशाळेबद्दल

*(पुढचा मजकूर संपादित. धाग्यावर जाहिरात करू नये. — व्यवस्थापक)*

रिकामटेकडा | बुधवार, सायंकाळी ५:५२

पुन्हा २१! या आकड्यात काय जादू आहे, कुणी सांगेल का?

वैद्य_पडवळ | बुधवार, सायंकाळी ६:१०

मोदक.

कोरी_पाटी | बुधवार, रात्री ८:४०

मी समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम करतेय, दुसरं वर्ष. धागा वाचून घाबरले आहे. आम्हाला शिकवताना प्रत्येक पद्धतीचा एक तास असतो : रॉजर्स, बेक, एलिस, कुटुंबोपचार, कला, सजगता. मग शेवटी म्हणतात, "आता तुम्ही हे एकत्रित वापरा." कसं वापरा, ते कुणी सांगत नाही. समोर माणूस बसला की माझ्या डोक्यात सहाही तास एकदम बोलायला लागतात. उंबरठाताई, तुमच्या बाई कशा ठरवायच्या?

उंबरठा | बुधवार, रात्री ९:३०

हेच मी त्यांना शेवटच्या भेटीत विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मी मुळात एकाच पद्धतीत नीट शिकले, विचारांच्या. तिथे अडले की दुसऱ्याच्या घरून वस्तू मागून आणते, आणि आणलीय हे लक्षात ठेवते." शिवाय त्या स्वतः महिन्यातून एकदा त्यांच्या गुरूंकडे जाऊन अडलेल्या केसेस मांडतात. माझीही मांडली होती, नाव न सांगता, मला विचारून. गोधडीचं खरं तर त्या गुरूंनीच सुचवलं असावं असा मला संशय आहे. विचारलं तर हसल्या.

डॉ_खडू | बुधवार, रात्री ९:५५

कोरी_पाटी, घाबरलात हे चांगलं लक्षण आहे. सहा तास एकदम बोलायला लागले की समोरच्याला विचारा, "आज इथे येताना मनात काय होतं?" आणि गप्प बसा. मलाही शेवटचं वाक्य शिकायला दहा वर्षं लागली.

कोरी_पाटी | बुधवार, रात्री १०:०२

लिहून ठेवलं. देखरेखीसाठी कुणी मिळेल का नाशिक-संभाजीनगर पट्ट्यात? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

उंबरठा | बुधवार, रात्री १०:०६

केला आहे. आधी बाईंना विचारते, मग नंबर देते.

आजी_ऑनलाइन | गुरुवार, सकाळी ६:२०

एवढ्या मोठमोठ्या लोकांत माझा प्रश्न लहान आहे. गोधडीला लुगडी किती लागली? आणि आत काय घातलंत? माझ्याकडे आईची पाच आहेत, सुती, विरत चालली आहेत.

उंबरठा | गुरुवार, सकाळी ८:१५

आजी, चार लागली. दोन वरच्या-खालच्या अंगाला, दोन फाडून आत, आणि सासऱ्यांचं एक जुनं धोतर मधल्या थराला. कडेकडेने सुरुवात करून आत आत येत जायचं, टाके एका बोटाच्या अंतराचे. विरलेला भाग आत घ्या, काठ बाहेर. मधे चौकोनी तुकडा शिल्लक राहिला तर त्यावर शेवटी एक छोटं ठिगळ लावतात, आमच्याकडे ते पोळीचा तुकडा म्हणून ओळखलं जातं. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

आजी_ऑनलाइन | गुरुवार, सकाळी ८:३१

आता कोण पांघरतं?

उंबरठा | गुरुवार, सकाळी ८:४०

कपाटात ठेवली होती नीट, डांबराच्या गोळ्या घालून. दिवाळीला लेक आली, हॉस्टेलवर परत जाताना न विचारता घेऊन गेली. फोन केला तर म्हणे, अगं फार गरम आहे, आणि आजीचा वास येतो. मी म्हटलं, डांबरगोळ्यांचा येत असेल. तर म्हणाली, तोच.